विरघळणाऱ्या चकतीची बातमी अर्धीच छापली

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी होती, केमोला आता रामराम, शरीरात विरघळणारी चकती थेट गाठीवर औषध सोडणार, असं काहीसं हेडिंग होतं आणि सोबत एका पांढऱ्या गोल चकतीचा फोटो. आमच्या गावात पेपर सकाळच्या एसटीनं येतो, पानटपरीवर पडतो आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाच्या हातातून फिरतो. म्हणजे कॅन्सरची बातमी वाचायची जागा आणि पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायची जागा एकच, यावर मी काही बोलत नाही, बोलून बोलून थकलो.

त्या टपरीवरून ती बातमी आमच्या शेजारच्या काकाजींकडे गेली. त्यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन नागपूरला झालेलं, गालाचा आतला भाग आणि थोडं जबड्याचं हाड काढलं, मानेतल्या गाठीपण काढल्या. टाके सुकले की शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करू असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ३० शेक, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे ६ आठवडे नागपुरात खोली करून राहायचं. काकाजींनी बातमी वाचली आणि घरच्यांना सांगून टाकलं, "मी नाही जात शेकाले. चकती येऊन रायली आता, थेच बसवून घेऊ." कात्रण कापून आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. पोरगा समजावून थकला, मग मला बोलावलं, कारण माझ्या बाबांना खरंच असं विरघळणारं औषध चालू आहे आणि हे गावाला माहीत आहे. तोवर १२ दिवस गेले होते. आणि ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत शेक सुरू झाला पाहिजे असं असतं, हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं पण इंग्रजीत.

संपादक साहेब, बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. राहिलेली अर्धी मी लिहून पाठवतो, बाबांच्या डॉक्टरांना विचारून विचारून जेवढं पक्कं समजलं तेवढंच.

पहिली गोष्ट, ही चकती नवीन नाही. मेंदूच्या गाठीसाठी ग्लिआडेल नावाची चकती अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाली, म्हणजे आमच्या गावात फोनचा डबा नव्हता तेव्हाची. रॉबर्ट लँगर हे इंजिनियर आणि हेन्री ब्रेम हे मेंदूचे सर्जन, या दोघांचं त्यात मोठं काम. डॉक्टर गाठ काढतात आणि त्या रिकाम्या खड्ड्यात, कवटी बंद करायच्या आधी, जास्तीत जास्त ८ चकत्या ठेवतात, एकेकीत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टीन नावाचं केमोचं औषध. चकती हळूहळू झिजते आणि औषध तिथल्या तिथे सुटतं. मेंदूसाठीच का, तर रक्तातून दिलेली बरीचशी औषधं मेंदूत शिरतच नाहीत, मध्ये एक पहारा असतो. बरं फायदा किती, तर २४० पेशंटच्या चाचणीत नुसत्या ऑपरेशन आणि शेकापेक्षा चकतीवाले साधारण २ महिने जास्त जगले, ११.६ महिन्यांचे १३.९. दोन महिने काही थोडे नाहीत, ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं, पण "केमोला रामराम" म्हणावं असंही ते नाही. आणि ही चकती जिथे ठेवली तिथलंच बघते. रोग अंगभर पसरला असेल तर रक्तासोबत सगळीकडे जाणारं औषधच लागतं, सलाईनमधून, गोळीनं नाहीतर सुईनं.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली. बाबांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर आहे, हाडात गेलेला. त्यांना दर १२ आठवड्यांनी पोटावर बेंबीच्या खाली चामडी चिमटीत धरून एक सुई देतात. सुई जाड असते, बैलाला टोचतात तशी, पण तिच्यात पातळ औषध नसतंच, एक पांढरी बारीक काडी असते, तांदळाच्या दाण्यासारखी, ती चामडीखाली सोडून देतात. औषधाचं नाव गोसेरेलिन, १०.८ मिलिग्रॅम. ३.६ मिलिग्रॅमची पण येते, ती २८ दिवस पुरते. काडी बनते ती सिझरच्या आतल्या विरघळणाऱ्या टाक्यांच्याच जातीच्या पदार्थापासून, अंगातल्या पाण्यानं ती तुटत जाते आणि शेवटी उरतं काय तर लॅक्टिक आम्ल, जे दह्यात असतं, आणि त्याचा एक भाऊ. काढायची भानगड नाही.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे कामगंध सापळ्यातली गोळी न बे." मी बघतच राहिलो, कारण खरंच तसंच आहे. गुलाबी बोंडअळीसाठी आपण कपाशीत सापळे लावतो, त्यातली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, महिनाभर हळूहळू वास सोडत राहते, संपली की नवी लावायची. सगळ्या वावरात पंप मारत फिरणं तेवढं कमी होतं. (२०१७ साली फवारणीच्या विषानं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात किती घरं बसली हे आपल्याला सांगायला नको.)

पण बाबांची काडी केमो नाही, हे काकाजींना समजवायला मला अर्धा तास लागला. ती हार्मोनचं औषध आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर वाढतो, आणि ही काडी मेंदूतल्या ग्रंथीचं दार सारखं वाजवत राहते, इतकं की शेवटी आतला माणूस उठायचंच बंद करतो आणि हार्मोन बनणं थांबतं. सुरुवातीला मात्र उलट वाढतं, म्हणून पहिल्या सुईच्या आधीपासून काही दिवस गोळ्या देतात. त्रासही आहे, बाबांना मध्येच अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. आई म्हणते, आता समजलं का आमचं. आणि ज्याला सुई परवडत नाही त्याच्यासाठी अंडकोश काढायचं छोटं ऑपरेशन असतं, एकदाच करायचं, परिणाम तोच, हेपण डॉक्टरांनी लपवलं नाही. बाबा नाही म्हणाले. त्यांचं अंग, त्यांची मर्जी, आम्ही दर वेळी कापूस विकून सुई आणतो.

आता जे आपल्या पेपरानं छापायला पाहिजे ते. आमच्यासारख्यांना या काडीचा खरा फायदा गाठीवर नेम धरून मारण्याचा नाही, फेऱ्या वाचण्याचा आहे. २८ दिवसांवाली असती तर वर्षातून १३ चकरा, १२ आठवड्यांवाली म्हणून ४-५. एका चकरेत माझी आणि बाबांची दोघांची मजुरी, एसटी, जेवण, आणि पेरणीच्या दिवसांत तर माणूसच भेटत नाही. पण ती सुई आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही, नागपूरहून आणावी लागते, आणि तिच्या डब्यावर लिहिलेलं असतं की २५ डिग्रीच्या वर ठेवू नका. मे महिन्यात, साहेब, विदर्भात! मागच्या उन्हाळ्यात आमच्या जवाईबापूंनी ती चहाच्या थर्मासात आणली, खाली बर्फाची पन्नी, वर दुपट्टा, वरून सुई, आणि बस अर्ध्या रस्त्यात पंक्चर झाली तर ४५ डिग्रीत थर्मास पोटाशी धरून बाभळीखाली दीड तास बसले. घरी आले तेव्हा त्यांनाच सलाईन लावायची पाळी. नर्सबाईंनी सुई बघितली, ठीक आहे म्हणाल्या, टोचली.

म्हणून विनंती एवढीच की यापुढे अशी बातमी छापाल तेव्हा चार ओळी जास्त छापा. कोणत्या कॅन्सरला आहे, कोणत्या स्टेजला, माणसांवर वापरतात की अजून उंदरांवरच आहे, आपल्याकडे कुठे मिळते आणि किती पैसे पडतात. आणि खाली जाड अक्षरात, की चालू इलाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. फोटो थोडा लहान केला तर जागा होते. आणि जमलं तर आपला एखादा वार्ताहर ग्रामीण रुग्णालयात पाठवून विचारा की महिन्या-तीन महिन्यांच्या अशा सुया तालुक्याला एका फ्रीजमध्ये ठेवून द्यायला काय अडचण आहे, आम्ही विचारलं तर वरून आलं पाहिजे म्हणतात, वर म्हणजे कुठे ते सांगत नाहीत.

काकाजी शेवटी गेले नागपूरला. डॉक्टर रागावले पण घेतलं. काल फोनवर बोललो, १९ शेक झाले, तोंड आतून सोललं आहे, पातळ भाताची पेजच चालते. कात्रण अजून त्यांच्या पिशवीतच आहे, पोरानं मागितलं तर देत नाहीत.

आपला वाचक,
एक कापूस उत्पादक
ता. आर्णी, जि. यवतमाळ