दवाखान्यातल्या सिस्टर आणि दादांना थँक्यू
नावं माहीत नाहीत तुमची, तरी आभार मानायचेच आहेत. आई रक्त पातळ व्हायची गोळी घेते, वॉरफॅरिन, आणि गुडघे दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन मागत होती, तर सिस्टर तुम्ही एवढी गर्दी असून तिची पिशवी टेबलावर पालथी केलीत, एकेक स्ट्रिप वाचलीत आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलंत, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांनीही ऐकून घेतलं (हे सगळीकडे होत नाही हो!), पॅरासिटामॉल दिलं, तेही मोजकंच, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला सांगितलं. काउंटरवरच्या दादांनी डोस मार्करने एवढा मोठा लिहिलाय की आई चष्म्याशिवाय वाचते.