बेटांवरच्या लढाया आणि पिण्याचे पाणी

मा. संपादक,

दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिकमधल्या बेटांच्या लढायांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. जहाजे, विमाने, सेनापती यांची माहिती नेमकी आहे. पण जहाजावरचे पाणी आणि धान्य किनाऱ्यावरच्या शिपायाच्या हाती कसे पडायचे, यावर एक ओळही नाही. त्याच्या हालांचे मोठे कारण नेमके तेच होते.

पश्चिम पॅसिफिकमधल्या पेलेलिऊ बेटाचेच घ्या. १५ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकी मरीन सैनिक उतरले तेव्हा पारा ४० अंशांवर होता, पुढे तो ४६ पर्यंत गेला. प्रत्येकाकडे दोन बाटल्या, म्हणजे दोन लिटरहून कमीच पाणी. मागून आलेले पाणी तेलाच्या पिंपांत भरलेले होते. अशी पिंपे आतून वाफेने धुवावी लागतात. तळाशी थोडे तेल राहिले तरी दोनशे लिटर पाणी वाया जाते. इथे बरीच पिंपे नीट धुतलीच गेली नव्हती, शिवाय आतून गंज. तांबूस, तेलकट पाणी तहानेपोटी प्यायल्यावर पोटात कळा आणि उलट्या. त्यात अंगातले उरलेसुरले पाणी आणि क्षारही गेले. भरलेले पिंप दोनशे किलोंवर भरते, ते टोकदार खडकांतून डोंगरावर चढवता येत नाही. म्हणून वीसेक किलोंचा एकेक डबा गोळीबारातून माणसांनीच वाहायचा.

जमीन म्हणजे पोवळ्याचा (प्रवाळाचा) खडक. फावडे चालत नाही, त्यामुळे ना खंदक, ना शौचाचा खड्डा, ना मृतांना मूठमाती. आडोशाला दगड रचायचे, तर तोफगोळा पडताच त्याच दगडांच्या कपच्या उडून जखमा व्हायच्या. प्रेतांवर माश्यांचे थवे बसत. विमानातून डीडीटी हे कीटकनाशक फवारले. माश्या मेल्या, अळ्या वाचल्या. आणि चार दिवसांत संपेल म्हणून सांगितलेली ही लढाई नोव्हेंबरअखेरपर्यंत चालली.

जपानी शिपायाची दशा याहून वाईट, आणि लेखात तिचा उल्लेख नसणे अधिक खटकते. सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवर अमेरिकी विमानांमुळे जपानी मालवाहू जहाजे किनाऱ्याला थांबू शकत नव्हती. म्हणून पिंपांत अर्धेच धान्य भरायचे, हवेमुळे ती तरंगतात. दोराने एकमेकांना बांधून विनाशिकेवरून (वेगवान युद्धनौकेवरून) रात्री समुद्रात सोडायची आणि किनाऱ्यावरच्यांनी दोर ओढायचा. ३ डिसेंबर १९४२ च्या रात्री सोडलेल्या १,५०० पिंपांपैकी ३१० च हाती लागली. दोर तुटत, आणि ओढणारेच उपासमारीने व हिवतापाने खंगलेले. उजाडल्यावर विमानांनी तरंगती पिंपे गोळ्यांनी चाळली. त्या बेटावर मेलेल्या वीस हजारांहून अधिक जपान्यांपैकी लढाईत कमी, भूक आणि रोगाने जास्त गेले.

मध्य पॅसिफिकमधल्या तारावाच्या लढाईचा उल्लेख लेखात आहे, पण भरतीचा नाही. २० नोव्हेंबर १९४३ ला भांगाची भरती होती, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा कमी चढणारी. भरलेल्या होडीला साडेतीन-चार फूट पाणी हवे, बेटाभोवतीच्या, पाण्याखालच्या प्रवाळाच्या कडेवर तेवढे नव्हते. होड्या तिथेच अडल्या आणि सैनिकांना पाचशे मीटरहून जास्त अंतर, हत्यारे सांभाळत, मशिनगनच्या माऱ्यात पाण्यातून चालावे लागले.

लेखमालेच्या पुढील भागांत नकाशे देणार असाल, तर बेटांभोवतीची प्रवाळाची कड, तिचे किनाऱ्यापासूनचे अंतर आणि गोड्या पाण्याच्या जागा त्यात जरूर दाखवाव्यात.

आपला,
एक वाचक, सातारा