विमानावर सही करणारा तयार होतो, टीम सांभाळणारा कोण तयार करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीतला विमान मेंटेनन्सवरचा लेख वाचला. माहिती चांगली होती पण पगाराचे आकडे वाचून आमच्या सोसायटीतले दोन पालक लगेच अ‍ॅडमिशनचं विचारायला आले म्हणून लिहितोय. मी बावीस वर्षं या लाइनमध्ये आहे, त्यातली नऊ वर्षं शिफ्ट इनचार्ज म्हणून काढली.

पहिलं म्हणजे कॉलेजचं सर्टिफिकेट हे लायसन्स नव्हे. डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचे, मॉड्यूलचे (एकेका विषयाचे) पेपर, प्रत्येकात 75 टक्के, वर विमानावर केलेल्या कामाच्या नोंदी, मग बी1 म्हणजे इंजिन-मेकॅनिकल नाहीतर बी2 म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असं लायसन्स, मग टाइप रेटिंग म्हणजे त्या त्या जातीच्या विमानाची वेगळी पात्रता, आणि एवढं झाल्यावर कंपनीने अधिकार दिला की मगच सही, म्हणजे विमान उडायला ठीक आहे असं लिहून द्यायचा हक्क. काही पोरांची यात सात-आठ वर्षं जातात, घरच्यांना हे आधीच माहीत पाहिजे.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. सही मिळाली की काही वर्षांत तुमच्या हाताखाली दहा-बारा माणसं येतात, आणि ती कशी सांभाळायची हे कुणीच शिकवत नाही. ह्युमन फॅक्टर्स, म्हणजे माणसाच्या चुका कशा होतात, या नावाचं अख्खं मॉड्यूल आहे, नववं, पण पोरं ते प्रश्नसंच पाठ करून सोडवतात आणि विसरतात.

मी नवीन असताना एका ठिकाणी एका पोराकडून पाना हरवला, त्याने येऊन सांगितलं तर सगळ्यांसमोर त्याला इतकं झापलं की नंतर कितीतरी महिने त्या शिफ्टमध्ये कुणी काही हरवलं म्हणून सांगितलंच नाही. हरवायचं थांबलं नव्हतं हो, सांगायचं थांबलं होतं. मी इनचार्ज झाल्यावर एकदा पावसाळ्यात पहाटे तीनला, काउलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण बंद करायच्या बेतात होतो, पावणेसहाचं फ्लाइट, तेवढ्यात एक टेक्निशियन आला, अंगावरून पाणी गळतंय, म्हणाला सर पान्याचं दहा नंबरचं सॉकेट हत्यारांच्या बोर्डवर नाहीये, मीच घेतलं होतं. माझ्याही तोंडावर शिवी आली होती पण गिळली. चौघं टॉर्च घेऊन शोधत बसलो, चाळीस मिनिटांनी गिअरबॉक्सच्या मागे पाइपांच्या बेचक्यात सापडलं. फ्लाइट लेट झालं, रिपोर्टमध्ये मी माझं नाव टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ब्रीफिंगला सगळ्यांसमोर सांगितलं की याने केलं ते बरोबर केलं.

1990 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, केबिन क्रूने पाय धरून ठेवले म्हणून वाचला. त्या उड्डाणाच्या साधारण 27 तास आधी ती काच बसवली होती खुद्द शिफ्ट मॅनेजरने. माणसं कमी होती, याने स्वतःच काम घेतलं, पार्ट्स कॅटलॉग न बघता जुन्या बोल्टाशी नवे नजरेने जुळवले, 90 पैकी 84 बोल्ट कमी जाडीचे लागले, आणि ते काम दुसऱ्या कुणी तपासलंच नाही. माणूस आळशी नव्हता, उलट खूप मेहनती होता. मला स्वतःला ही केस वाचल्यापासून एक सवय लागली, माणसं कमी असली की मी पाना हातात घेत नाही, काम पुढच्या शिफ्टला ढकलतो नाहीतर वर फोन करून विमान थांबवतो. इनचार्ज स्वतः विमानाखाली घुसला की बाकीच्यांकडे बघणार कोण?

आणि हे आत्ताच बोलायला पाहिजे कारण 2023 मध्ये इंडिगोने 500 आणि एअर इंडियाने 470 विमानांच्या ऑर्डर दिल्या, नागपूरला मिहानमध्ये मोठं एमआरओ (विमान दुरुस्ती-देखभाल केंद्र) आहे, नवी मुंबई विमानतळ आलंय, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या अनुभवावर पोरं इनचार्ज होणार. त्यांना आधी सहा महिने तरी जुन्या इनचार्जबरोबर हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना काम सोपवतात तिथे, उभं करा, अर्धवट राहिलेलं काम तोंडी न सांगता लिहून कसं द्यायचं ते तिथेच कळतं.

पुढच्या लेखात यातलं थोडं जरी छापलंत तर निदान पालक अ‍ॅडमिशनच्या वेळी विचारतील तरी, की मुलाला ट्रेनिंगला कुठल्या हँगरला पाठवणार आणि तिथे एका इंजिनिअरमागे किती पोरं असतात.

– एक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, अंधेरी