भंडारा, शपथ आणि पंचेचाळीस दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक आली की आपल्या पेपरात बातम्या येतात, अमुक उमेदवारानं धर्माच्या नावावर मतं मागितली, तमुकवर तक्रार झाली, आयोगानं नोटीस काढली वगैरे. पुढं त्याचं काय झालं ते मात्र कधी वाचायला मिळत नाही, कारण बऱ्याच वेळा पुढं काही झालेलंच नसतं. ते का होत नाही हे मला स्वतःला चटका बसल्यावर कळलं. पत्र जरा लांबलंय पण कापू नका ही विनंती.

गोष्ट २०२३ च्या कर्नाटक विधानसभेची. मतदान १० मे ला होतं. त्याच्या आधी तीन-चार दिवस संध्याकाळी आमच्या गावच्या देवळात बायकांना हळदीकुंकू म्हणून बोलावलं. आई पण गेली, देवीचं बोलावणं म्हटल्यावर ती घरात थांबणारी नव्हे. तिथं गाभाऱ्यासमोर एक पितळी ताट ठेवलेलं, ताटात भंडारा आणि नारळ, आणि ताटाच्या कडेला देवीच्या फोटोला लागून उमेदवाराचं पॅम्फलेट. पुजाऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, मग कार्यकर्त्यांनी एकेकीला पुढं बोलावलं. भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, मत ह्याच चिन्हाला देईन, नाही दिलं तर देवी बघून घेईल. साठ-सत्तर बायका असतील. दोघी-तिघी मागच्या मागं सरकल्या तर त्यांना नाव घेऊन हाक मारली गेली, सगळ्यांच्या देखत.

आईनं हे घरात कुणाला सांगितलं नाही. निकाल लागून बरेच दिवस झाल्यावर एकदा जेवताना बोलून गेली. तिला मत दुसऱ्याला द्यायचं होतं. मी म्हटलं, मशीनसमोर आत तू एकटीच होतीस की, कोण बघायला होतं? तर म्हणते, "देवी होती की. घरात नातू आहे बाबा, काय वाईट-वंगाळ झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" बहात्तर वर्षांची बाई, आणीबाणीच्या आधीपासून मतदान करतीय, आणि तिचं मत अशा रीतीनं ताटातल्या चिमूटभर भंडाऱ्यावर काढून घेतलं.

मला राग आला पण आधी पंढरपूरची वारी होती, आम्ही दरवर्षी जातो. त्या वर्षी आषाढी एकादशी २९ जूनला आली. वारीवरून येऊन दोन दिवस विश्रांती घेतली आणि बेळगावात ओळखीच्या वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटून १३ मे वर बोट ठेवलं, निकाल त्या दिवशी लागला होता, आणि तिथनं मोजत मोजत २७ जूनवर आले. म्हणाले, "निवडणूक रद्द करायच्या याचिकेचे पंचेचाळीस दिवस संपले. आता काही करता येत नाही." मी म्हटलं उशीर झाल्याचा अर्ज देऊ, वारीचं कारण सांगू. ते म्हणाले निवडणूक याचिकेत उशीर माफ करायची सोयच नाही, एक दिवस उशीर झाला तरी याचिका बाद.

उमेदवाराचं नाव, पक्ष, गाव मी इथं लिहीत नाही. पुरावा मी वेळेत गोळा केला नाही, आता पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेणं बरोबर नाही. पण कायदा काय म्हणतो ते त्या दिवसापासून वकीलसाहेबांना विचारून विचारून आणि मिळेल ते वाचून समजून घेतलंय, आणि ते आपल्या सीमाभागातल्या प्रत्येक मतदाराला माहीत पाहिजे असं मला फार वाटतं.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, त्याचं कलम १२३. त्यात भ्रष्ट आचरण म्हणजे काय काय ते दिलंय. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा ह्याच्या नावावर मत द्या किंवा देऊ नका म्हणणं हे १२३(३) मध्ये आहे. पण आमच्या गावात जे झालं ते त्याच्याही आधी, १२३(२) मध्ये आहे हे मला नवीनच कळलं. मत नाही दिलं तर देवाचा कोप होईल अशी भीती घालणं हा गैरवाजवी दबाव, असं स्पष्ट लिहिलंय. ह्यावर १९५९ सालीच सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, सिरसाच्या निवडणुकीचा, तिथं शिखांच्या नामधारी पंथाच्या गुरूंनी अनुयायांना अमुकलाच मत द्या असा हुकूमच काढला होता आणि कोर्टानं तो दबाव धरला. म्हणजे आईला जी भीती वाटली ती कायद्यानं किती वर्षांपूर्वी ओळखून ठेवलीय बघा! आणि आम्ही अजून म्हणतो, देवळातली गोष्ट आहे, बायकांचं काय मनावर घ्यायचं.

धर्माच्या नावावर मतं मागून निवडणूक रद्द झाल्याचं आपल्या लोकांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे विलेपार्ले. डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक, डॉ. रमेश प्रभू निवडून आले, हरलेले प्रभाकर कुंटे कोर्टात गेले, बाळासाहेब ठाकरे यांची प्रचारातली भाषणं पुढं आली. मुंबई हायकोर्टानं १९८९ ला निवडणूक रद्द केली आणि सुप्रीम कोर्टानं ११ डिसेंबर १९९५ ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क पुढं सहा वर्षांसाठी गेला तो ह्याच प्रकरणात. त्याच दिवशी त्याच कोर्टानं मनोहर जोशी यांची दादरची निवडणूक मात्र कायम ठेवली. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल असं ते सभेत म्हणाले होते, कोर्ट म्हणालं ही नुसती आशा झाली, धर्मावर मत मागणं नव्हे. मला स्वतःला हा फरक अजून नीट पटत नाही, सभेत बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. पण ह्यातनं एक कळतं की कोर्टात वातावरण कसं होतं, रोख कुणाकडं होता हे चालत नाही, नेमके शब्द काय होते ते लागतं.

नंतर २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठानं चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की कायद्यातला धर्म म्हणजे फक्त उमेदवाराचा नव्हे, मतदाराचा धर्म पुढं करून मत मागितलं तरी ते भ्रष्ट आचरणच. निकाल चांगला आहे. पण हे प्रकरण कुठनं सुरू झालं? सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीपासून. सत्तावीस वर्षं! कायद्यात लिहिलंय की हायकोर्टानं सहा महिन्यांत याचिका निकालात काढायचा प्रयत्न करावा. पार्ल्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत ती विधानसभा कधीच संपून गेली होती. मतदारानं एक दिवस उशीर केला तर दार बंद आणि कोर्टानं आठ वर्षं लावली, वीस वर्षं लावली तर कुणाला विचारायची सोय नाही, हे मला अजिबात बरोबर वाटत नाही. सहा महिने म्हणजे सहा महिनेच, असं कायद्यात पक्कं झालं पाहिजे.

आपल्याकडं अजून एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं मोबाईलवरनं सी-व्हिजिलवर, म्हणजे निवडणूक आयोगाच्या ॲपवर, तक्रार टाकली किंवा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला निवेदन दिलं म्हणजे केस झाली. नाही होत. ती आचारसंहितेची तक्रार, फार तर नोटीस निघेल नाहीतर पोलिसात गुन्हा नोंद होईल. निवडून आलेल्याची निवडणूक रद्द करायची तर घटनेच्या कलम ३२९ प्रमाणं याचिका हा एकच रस्ता, आणि ती हायकोर्टातच. हरलेला उमेदवारच पाहिजे असं काही नाही, त्या मतदारसंघातला कुठलाही साधा मतदार करू शकतो. अनामत २,००० रुपये. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं, कोण, कुठं, कधी, काय बोललं हे सगळं त्यात यायला पाहिजे. आणि याचिका स्वतः जाऊन द्यायची, नुसत्या वकिलाच्या हाती पाठवली तर फेटाळली जाते, हे तर आपल्या कर्नाटकातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००९ ला सांगितलंय. वकिलाची फी आणि हेलपाटे वेगळे, ते सोपं आहे असं मी म्हणत नाही.

आता पुराव्याचं. इथं संपादकसाहेब तुमचाही संबंध येतो. दक्षिण मुंबईत १९६७ ला जॉर्ज फर्नांडिस निवडून आले त्या निवडणुकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की पेपरातली बातमी नुसती असून उपयोग नाही, ती ऐकीव गोष्ट, प्रत्यक्ष ऐकणारा साक्षीला पाहिजे. कोर्ट अशा आरोपाला फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा मागतं. व्हॉट्सअपवर चार ग्रुप फिरून आलेली क्लिप तर धरतच नाहीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं. पण जालन्याच्या अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात २०२० ला कोर्टानं हेही सांगितलंय की ज्याच्या मोबाईलवर शूटिंग झालं तो स्वतः तोच मोबाईल घेऊन साक्षीला उभा राहिला तर सर्टिफिकेट नसलं तरी चालतं. म्हणून पोरांना माझं सांगणं आहे, क्लिप पुढं ढकलून मोकळं होऊ नका, मूळ मोबाईल जपून ठेवा, तारीख-वेळ आणि बाजूला उभ्या असलेल्या दोन माणसांची नावं त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. आमच्या देवळात त्या दिवशी किमान पाच-सहा जणींकडं मोबाईल होता, फोटो पण निघाले, निकालानंतर सगळे डिलीट. एका काकींनी तर सांगितलं, मुलानं भीतीनं फोनच फॉरमॅट मारला.

भाषेबद्दल पण बोललं पाहिजे, कारण कलमात भाषा हा शब्द आहे म्हटल्यावर आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांना कोणीतरी घाबरवतं की मराठीचं नाव घेतलं तर निवडणूक रद्द होईल. तसं नाही. १९६४ साली झज्जरच्या निवडणुकीच्या प्रकरणात, जगदेवसिंग सिद्धांती यांच्या, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की आपली भाषा जपण्याचा हक्क घटनेच्या कलम २९ नं दिलाय आणि त्यासाठी आंदोलन करणं, प्रचारात त्याबद्दल बोलणं हे भ्रष्ट आचरण नव्हे. म्हणजे मराठीतनं सरकारी कागद द्या, मराठी शाळा टिकवा, सीमाप्रश्न सोडवा, हे बिनधास्त बोला. पण अमुक माणूस मराठी नाही म्हणून त्याला मत देऊ नका असं म्हणालात तर ते कलमात बसतं, आणि बसायलाच पाहिजे. सीमाभाग कर्नाटकात गेला म्हणून एक नोव्हेंबरचा काळा दिवस आमच्या घरात आजोबांपासून पाळतात, तरी मी हे लिहितोय, कारण शेजारच्या कन्नड घरावर नाव धरून मत मागणं हा आपला लढा कधीच नव्हता. कन्नड उमेदवारांना पण हेच लागू. मठातनं आदेश निघो, मशिदीतनं निघो की आमच्या देवळातनं, कलम एकच आहे.

२०२३ ला तर एका पक्षाच्या जाहीरनाम्यात बजरंग दलाचं नाव आलं आणि दुसऱ्या बाजूच्या सभांतनं बजरंगबलीचा जयजयकार सुरू झाला, शेवटचा आठवडा सगळा त्यातच गेला. आमच्या भागात उसाची बिलं थकलेली, प्यायच्या पाण्याची बोंब, त्यावर आठ दिवस कोणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, सभेची बातमी देताना "जोरदार टीका केली", "मतदारांना भावनिक साद घातली" असं नका लिहू, वक्ता जे बोलला ते शब्द जसेच्या तसे छापा, तारीख, जागा, वेळ घालून, आणि तुमच्या वार्ताहरानं आपली मूळ नोंद आणि रेकॉर्डिंग जपून ठेवावं, वेळ आली तर त्याला साक्षीला पाठवायची तयारी ठेवा. दोन, २०२८ ला विधानसभेचा निकाल लागेल तेव्हा पहिल्या पानावर एक चौकट छापा की याचिकेची शेवटची तारीख अमुक, आणि ती रोज छापा, पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत. आमच्यासारखी वारीला, पेरणीला गेलेली माणसं परत येऊन बघतील.

माझं नाव, पत्ता, फोन वेगळ्या कागदावर सही करून सोबत जोडलाय, तो आपल्या माहितीसाठी. छापताना नुसतं "एक मतदार, बेळगाव" असं घाला. त्या दिवशी भंडारा उचललेल्या बायका अजून त्याच देवळात जातात, पंच मंडळी तीच आहेत, कुणाला त्रास व्हायला नको.

आपला,
एक मतदार, बेळगाव