तळेगावचा प्लॉट विकून टाका, बाबा

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळायचं नाही, तुमची सवय मला माहितीये. व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं तर आई नुसता अंगठा दाखवून मोकळी होते म्हणून मेल करतोय, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या.

आधी मुद्द्याचं. आम्ही इथे न्यू जर्सीत घर घेतलंय. बघतोय-बिघतोय नाही, सह्या झाल्यात, पुढच्या महिन्यात राहायला जातोय. तेव्हा "अजून दोन वर्षं, मग येतोच" हे आपलं जे दर गणपतीला चालतं ते आता बंद. आणि प्लॉट आमच्यासाठी धरून बसू नका, विका आणि लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जा. लगेच चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा.

मागे ऑफिसच्या कामावरून परत येताना न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून टॅक्सी केली. (मॅनहॅटनपर्यंत ठरलेलं भाडं आहे, ७० डॉलर, वर टोल आणि टिप. हो आई, ऑफिस देतं.) ड्रायव्हरचाचा बांगलादेशचे, नोआखालीकडचे, बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान असतील. ट्रॅफिक जाम होतं आणि त्यांना बोलायचं होतं. नव्वदच्या दशकात व्हिसाची लॉटरी लागून आले, अमेरिका खरंच अशी लॉटरी काढत आलीय, आपल्या लोकांना ती नाही, त्यांना तेव्हा होती. आधी दुसऱ्याची गाडी बारा-बारा तास चालवली, मग कर्ज काढून स्वतःचं मेडॅलियन घेतलं. म्हणजे बॉनेटवर ठोकलेला पत्रा, आपल्या रिक्षाच्या परमिटसारखा, तो नसेल तर पिवळी टॅक्सी रस्त्यावर आणता येत नाही. १९३७ च्या कायद्याने ते मोजकेच ठेवले, त्यामुळे भाव चढतच गेला, २०१४ च्या सुमारास एकेक दहा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. सगळे सांगायचे, सोन्यापेक्षा भारी, कधी पडणारच नाही. मग ॲपवाल्या गाड्या आल्या, भाव धाडकन खाली आणि कर्ज तेवढंच. २०१८ मध्ये काही ड्रायव्हरांनी जीवसुद्धा दिला. २०२१ मध्ये हे लोक सिटी हॉलबाहेर रात्रंदिवस ठाण मांडून बसले, मग उपोषण केलं, तो न्यूयॉर्कचा महापौर झालेला झोहरान ममदानी, बाबा तुम्ही टीव्हीवर ज्याच्याबद्दल तावातावाने बोलत होतात, तोही तेव्हा आमदार म्हणून उपोषणाला होता. शेवटी शहराने हमी घेतली आणि कर्ज १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत खाली आलं. चाचा म्हणाले, हप्ता अजून चालू आहे पण आता झोप लागते.

पण मला हे सांगायचं नव्हतं. चाचांनी गावाकडे दुमजली घर बांधलंय, कर्ज फिटलं की जाणार म्हणून. वरची खोली त्यांची. त्यांची आई ती खोली कुणाला वापरू द्यायची नाही, रोज जिना चढून झाडून घ्यायची, चादर बदलायची, आणि एक दिवस त्याच जिन्यावरून पडली. खुबा मोडला, नंतर उठलीच नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही, मध्येच लेन कापणाऱ्या एकाला हॉर्न मारला आणि रुमालाने मीटरची काच पुसत बसले, स्वच्छच होती ती. मी विचारलं, येणार नाही असं आईला कधी सांगितलं नाहीत? म्हणाले, "कैसे बोलता, उसको दुख होता." मग बऱ्याच वेळाने, "लेकिन बोल देता तो वो सीढ़ी नहीं चढ़ती."

मला आपले तीन मजले दिसले. दुधाची पिशवी, भाजी, बाबांचा गुडघा. आणि "तळेगावला तुमच्यासाठी बांधायचंय ना, मग कशाला आत्ता घर बदलायचं" हे तुमचं ठरलेलं उत्तर.

आता तुम्ही म्हणाल, टॅक्सीवाल्याचं ऐकून घर घेतलं. नाही हो, घर आधीच ठरलं होतं, तुम्हाला कसं सांगायचं तेवढंच अडलं होतं. चिंगीची शाळा, तुमच्या सूनबाईची नोकरी, आणि भाडं नि हप्ता यात आता फारसा फरक उरला नव्हता. तुम्हाला विसरून घेतलेला निर्णय नाही हा, खाली एक खोली तुमच्यासाठीच ठेवलीय, एकही पायरी नाही, बाथरूमला लागून, आणि आई, ओट्याखाली घरघंटी बसेल एवढी जागा आहे.

प्लॉटचं मलाही वाईट वाटतंच. रविवारी स्कूटरवर पुढे मी उभा, मागे आई, मांडीवर दडप्या पोह्यांचा डबा, आणि तारेच्या कुंपणाशी पोचल्यावर बाबा पावलांनी मोजून दाखवायचे, इथे हॉल, इथे तुझी खोली. मी त्या नसलेल्या खोलीत खरंच झोपायचो, गवतात, आई टॉवेल टाकून द्यायची. हापूसचं कलम तर कधी धरलंच नाही. माझ्यासाठी ते घर तेवढं झालंय बाबा, विटांचं व्हायची गरज नाही.

तर आता ऐका. ताजा सातबारा काढून घ्या, मूळ कागद एजंटाच्या हातात द्यायचे नाहीत, फक्त झेरॉक्स. कुठल्याही पॉवर ऑफ ॲटर्नीवर सही नाही, किती का ओळखीचा असेना. आत्याच्या जावयाला मध्ये घेऊ नका, का ते आईला माहितीये. घर त्याच भागात बघा, वाचनालय आणि हास्यक्लब चालत जाता आलं पाहिजे, दूधवाला तोच राहील, मी बोललोय त्याच्याशी. आई, तुळस आणि कढीपत्ता दोन्ही नेता येतील, पण माळ्यावरची पितळी भांडी सगळी न्यायची नाहीत. आणि सामान हलवायला मी येतोय, तोपर्यंत बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, म्हणजे नाही.

रविवारी फोन करतो. चिडायचं असेल तर तेव्हा चिडा, पण दोघंही स्पीकरसमोर बसा, आई, तू स्वयंपाकघरातून ओरडू नकोस, निम्मं ऐकू येत नाही.

तुमचा,
बाळू