पाटीमागचा अँगलही तपासा

महोदय,

गेल्या आठवड्यात दुकानाची पाटी रंगवण्यासाठी खाली उतरवली. शिडीवर चढलेल्या वेल्डरने पाटीला आधार देणाऱ्या लोखंडी अँगलवर हातोडी मारली, तसे गंजाचे पापुद्रेच्या पापुद्रे खाली पडले. भिंतीतला बोल्ट बसवला तेव्हा बोटाएवढा जाड होता, आता पेन्सिलीएवढा उरला होता. अवघ्या आठ वर्षांत. बारा फुटी लोखंडी पाटी, आणि तिच्या खालून शाळेची मुलं रोज ये-जा करतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

या पाटीची परवानगी मी रीतसर घेतलेली आहे. तेव्हा लांबी-रुंदी विचारली, जागामालकाचं संमतीपत्र मागितलं, फीची पावती दिली. पाटी कशाच्या आधारावर उभी आहे, हे कुणीच विचारलं नाही. पुढे दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. नियम योग्यच आहे, आपली अक्षरं मोठी दिसायलाच हवीत. पण आमच्या बाजारपेठेत अनेकांनी नवा बोर्ड जुन्याच अँगलवर ठोकला. मीही तेच केलं.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर मोठ्या होर्डिंगांची चर्चा झाली, दुकानांच्या पाट्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. इथे तर खारा वारा बारा महिने लोखंड खातो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे घरांचे पत्रे उडाले, ते आपण विसरलो का?

मृगाआधी आपण कौलं चाळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतो. मग पाटीचे नटबोल्टही मे महिन्यात तपासले जावेत. परवान्याचं नूतनीकरण करताना नगरपरिषदांनी फॅब्रिकेटरचा सहीचा दाखला आणि बोल्टचा जवळून काढलेला फोटो मागावा. किनाऱ्यापासून जवळच्या पाट्यांना गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) किंवा स्टेनलेसचे बोल्ट सक्तीचे करावेत. त्याचा खर्च माझ्यासारख्या लहान दुकानदारालाही झेपतो, मी परवाच करून घेतला. त्यासाठी फी थोडी वाढवली तरी चालेल, पण त्या पैशात कुणीतरी शिडी लावून वर चढून पाहावं.

– एक दुकानदार, रत्नागिरी जिल्हा