बेट आहे तेवढंच राहू द्या, पण ते कळू तरी द्या : आसामच्या पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री, आसाम,

साहेब, नमस्कार. पत्र मराठीत लिहितोय कारण असमिया मला येत नाही आणि इंग्रजीत लिहायला बसलो की मी उगाच फार सभ्य होतो. कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला.

आमच्याकडे २०२२ च्या जूनपासून गुवाहाटी म्हटलं की लोकांना झाडी, डोंगर आणि हाटेल आठवतं आणि हसायला येतं. नाहीतर मग कामाख्या, दर्शन झालं की दुसऱ्या दिवशी गाडी करून शिलाँग. भर शहरात ब्रह्मपुत्रेच्या मधोमध एक बेट आहे आणि त्यावर सव्वातीनशे वर्षांपूर्वीचं देऊळ आहे हे मलाही तिथे गेल्यावरच कळलं, तेही रिक्षावाल्याने सांगितलं म्हणून. तर जानेवारीत मी, बायको आणि आई असे त्या बेटावरच्या उमानंदाला जाऊन आलो, त्याबद्दल हे पत्र.

बोट कचारी घाटावरून, नाव ऐकून आईला आमच्या तालुक्याची कचेरीच आठवली. बोट भरल्याशिवाय सुटत नाही, ते ठीक आहे, आमच्याकडची वडापही तशीच असते. पण लाइफ जॅकेटं कोपऱ्यात ओली ढीग करून पडलेली, आम्ही मागून घेतली तर बाकीचे आमच्याकडे बघायला लागले. ती बोट कुणाची होती ते लिहीत नाही, त्या माणसाच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. पण ५ सप्टेंबर २०१८ ला तुमच्या उत्तर गुवाहाटीच्या बाजूला बोट उलटून माणसं गेली, २०२१ ला निमाती घाटावर दोन बोटींची टक्कर झाली, त्यानंतर एका इंजिनाच्या खाजगी बोटींवर तुमच्याच सरकारने बंदी आणली, म्हणजे हे तुम्हाला मी सांगायची गरज नाहीये. जॅकेट घातल्याशिवाय दोर सोडायचा नाही, एवढं एक केलं तरी पुष्कळ.

बेटावर उतरलं की सरळ पायऱ्या, चांगल्या उभ्या. आईचे गुडघे गेलेत. वर ती देवाच्या नावाने चढली, खाली येताना मात्र एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला एक अनोळखी आसामी पोरगा, त्याने न सांगता हात धरला, त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता मुख्य मुद्दा. लोक वर येतात, घंटा वाजवतात, सेल्फी काढतात, वीस मिनिटांत परत बोटीत. त्यांचा दोष नाही हो, आम्ही होतो तेव्हा थांबून वाचावं असं काही नजरेलाच पडलं नाही. या टेकडीचं नाव भस्माचल, शंकराने मदनाला इथे जाळलं म्हणतात, हे पुजाऱ्याने आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता, कारण होळीला मदन जाळला ही गोष्ट तिने आम्हाला लहानपणी दहा वेळा सांगितलेली आणि त्या मदनाचा पत्ता हा असा नदीत निघाला! सोमवती अमावास्येला इथे मोठं पुण्य हे कळल्यावर तर तिला जेजुरीच आठवली.

आणि इतिहास? १६७१ ला अहोम सेनापती लचित बरफुकनने सराईघाटला मुघलांचं आरमार मोडलं ते याच पाण्यात. बरफुकन म्हणजे साधारण आमच्याकडचा सरसुभेदार. त्याच्या नावाचं पदक आमच्या खडकवासल्याला एनडीएतल्या सर्वोत्तम कॅडेटला देतात, पण पुण्यातल्या किती जणांना माहितीय देव जाणे. पुढे १६८२ ला अहोम राजा गदाधर सिंहाच्या फौजेने इथल्याच इटाखुलीला मुघलांना हरवून पार मानस नदीपर्यंत मागे रेटलं आणि बाराच वर्षांनी, १६९४ ला, त्याच राजाने हे देऊळ बांधून घेतलं. म्हणजे नुसतं देऊळ नाही ना ते! १८९७ च्या भूकंपात त्याची पडझड झाली, नंतर एका स्थानिक व्यापाऱ्याने ते पुन्हा उभं केलं, म्हणून जुन्या कोरीव दगडाशेजारी एकदम नवा हात दिसतो. हे सगळं मी हॉटेलवर येऊन वाचलं. बेटावर उभं असताना कळलं असतं तर अजून तासभर थांबलो असतो.

सोनेरी वानरांचं पण तेच. फोनवर अजूनही फोटो दिसतात, म्हणून बायको झाडांकडे बघत फिरत होती. १९८० च्या दशकात इथे आणून सोडलेली ती वानरं, एवढ्याशा बेटावर किती टिकणार, वर येणारा जाणारा बिस्किटं चारणार. शेवटचंही काही वर्षांपूर्वी गेलं असं बोटवाला म्हणाला. तेही लिहा की पाटीवर. लाज कसली त्यात.

एक विनंती उलटी आहे. २०२० ला तुम्ही रोपवे सुरू केला, जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा, बेटाच्या बाजूने वरून जातो, बसलो आम्ही, मस्त आहे. पण बेटावर स्टेशन करा असं कुणी म्हणालं तर कृपया नाही म्हणा. फूड कोर्ट नको, काचेचा पूल नको, आय लव्ह उमानंदा अशी लाल अक्षरं तर अजिबात नको. बोटीनेच जावं तिथे. पाणी चढलं की बोट बंद, मग त्या दिवशी लांबूनच नमस्कार, चालतंय.

परतीची शेवटची बोट किती वाजता हे मात्र बेटावरच्या धक्क्याला मोठ्या अक्षरात लिहा, असमियात आणि हिंदीत, आम्ही तिघांना विचारलं आणि तीन वेळा सांगितल्या गेल्या. आणि पायऱ्यांना कठडा, वरपासून खालपर्यंत, मध्ये न तुटता, हाताला गार लागला तरी चालेल. आईने पुढच्या सोमवतीचं आत्तापासून कॅलेंडरवर गोल करून ठेवलंय.

आपला,
एक पुणेकर प्रवासी